सोनूच्या हेल्मेटबद्दल ताईला पत्र

मेलबर्न, जानेवारी 2026

प्रिय ताई,

आई-अण्णांना साष्टांग नमस्कार सांग, भाऊजींना नमस्कार. सोनू नेटमध्ये हेल्मेट घालत नाही म्हणून परवा फोनवर तू भडकलेली होतीस आणि सोनू आतल्या खोलीतून ओरडत होता त्यामुळे धड काही बोलणंच झालं नाही, मग व्हॉट्सअॅपवर टाइप करायला घेतलं तर ते एवढं लांबलं की म्हटलं चल पत्रच लिहू.

तू पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा बघितला. पहिल्यांदा नुसता कव्हर ड्राइव्ह बघितला (कार्टं मारतं मात्र झकास). मग डोक्यावरची टोपी दिसली. मग तो साइडआर्मने (बॉल जोरात फेकायच्या दांडीने) बॉल टाकणारा मुलगा केवढा जवळ उभा आहे ते दिसलं, आणि चौथ्यांदा नेटच्या खांबापाशी उलटं पडलेलं हेल्मेट, ज्यात कोणीतरी पाण्याची बाटली ठेवलीय. ते बघून मी अर्धा तास गप्प बसलो होतो, ही विचारत होती काय झालं म्हणून.

तू म्हणालीस तूच सांग, मामाचं ऐकतो तो. अगं मामाचं कुणी ऐकत नाही, मामा बॅट पाठवतो म्हणून फोनवर हो हो म्हणतो. इथे घरात माझाच मुलगा माझं ऐकत नव्हता. इकडे हेल्मेटच्या मागे खाली एक गार्ड लावतात, कानामागून मानेपर्यंत झाकणारा, क्लिपने बसतो. आमचा मोठा तो घरातून लावून निघायचा आणि ग्राउंडवर गेला की काढून किट बॅगच्या तळाशी टाकायचा. वर्षभर हेच. मी ओरडलो, लेक्चर दिलं, फोन काढून घेतला, सगळं करून झालं.

हा गार्ड आला तो ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूजमुळे, तुला आठवत असेल. 25 नोव्हेंबर 2014, सिडनी, 63 वर खेळत होता, बाउन्सरला हूक मारायला गेला, बॉल हेल्मेटच्या खाली डाव्या कानामागे मानेवर बसला आणि दोन दिवसांनी गेला. 26 वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. 26 टेस्ट खेळलेला माणूस, डोक्यावर हेल्मेट होतं, फक्त तेवढी जागा उघडी होती. सोनूचे सर म्हणतात ना टेक्निक नीट असेल तर लागत नाही, त्यांना एवढंच विचारायला सांग भाऊजींना की ह्यूजचं टेक्निक आपल्या पोरांपेक्षा कच्चं होतं का. भांडायला नको, नुसतं विचारा.

आणि मग मागचा ऑक्टोबर. इथेच मेलबर्नमध्ये, एका उपनगरातल्या क्लबच्या नेटमध्ये, 17 वर्षांचा मुलगा. साइडआर्मनेच टाकलेला बॉल मानेला लागला. हेल्मेट होतं, मानेचा गार्ड नव्हता. तो गेला त्याच दिवशी नवी मुंबईत आपल्या मुलींची ऑस्ट्रेलियाबरोबर वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, जेमिमाने 127 काढले आणि तू मला इथल्या पहाटे फोन करून नाचत होतीस, आठवतंय? दोन्ही टीमच्या हातावर काळ्या फिती होत्या बघ त्या दिवशी, त्या त्याच्यासाठी होत्या. मी तेव्हा तुझ्या आनंदात काही बोललो नाही. आमच्या गल्लीत घराघरांच्या दारात लोकांनी बॅट उभ्या करून ठेवल्या होत्या, आमच्या मोठ्यानेही स्वतःची ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या प्रॅक्टिसला त्याने गार्ड लावला, न सांगता. मला वाटलं चला, एकदाचा शहाणा झाला. डिसेंबरमध्ये बघतो तर गार्ड परत बॅगेच्या तळाशी! म्हणून तुला म्हणतो की सोनूला या गोष्टी सांगून घाबरवू नकोस, म्हणजे सांग, पण त्याच्यावर विसंबू नकोस, पंधराव्या वर्षी भीती महिनाभर सुद्धा टिकत नाही. आपल्याला होणारच नाही असं वाटतं त्या वयात. मलाही वाटायचंच की. नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर मी एल गार्ड (जांघेतला) न घालता खेळायला उतरलो होतो कारण तो घालून चालताना पोरं हसायची, आणि मग सीझन बॉल नको तिथे बसला, घरी येऊन मी पोट दुखतंय सांगितलं आणि आईने मला ओवा खायला घातला. दोन दिवस ओवा खाल्ला मी ताई. खरं काय ते आज सांगतोय, आईला सांगू नकोस.

मग मोठ्याचं जमलं कसं? मी एकदा ओरडायच्या ऐवजी विचारलं की नक्की काय होतं रे लावल्यावर. तर म्हणाला मान वर केली की गार्ड खांद्याला टेकतो आणि हेल्मेट पुढे सरकून डोळ्यावर येतं. बघितलं तर हेल्मेटच एक साइज मोठं, मीच घेतलेलं, वाढतं अंग आहे म्हणून! पोरगं वर्षभर खरं बोलत होतं आणि मी त्याला बहाणे समजत होतो. मापाचं घेतलं, पट्टा नीट केला, आठवडाभर संध्याकाळी टीव्हीसमोर घालून बसला, मग विषय संपला. स्टीव्ह स्मिथलाही त्या गार्डमध्ये कोंडल्यासारखं वाटायचं, 2019 मध्ये लॉर्ड्सला इंग्लंडच्या आर्चरचा बॉल मानेवर बसला तेव्हा त्याने तो घातला नव्हता, पुढची टेस्ट हुकली. 2023 च्या ऑक्टोबरपासून इथे मोठ्या लेव्हलला फास्ट बोलिंगसमोर तो कंपल्सरीच केला, आता स्मिथही घालतो आणि रन्स काढतोच की. हे सोनूला जरूर सांग, त्याचा हीरो आहे.

तर सोनू हेल्मेट घातलं की दिसत नाही म्हणतो तेव्हा आधी खरं धर. ते हेल्मेट भाऊजींच्या ऑफिस टीमच्या किटमधलं आहे ना? मग मोठ्या माणसाच्या मापाचंच असणार. एक कर, सीझन बॉल घे आणि वरची पीक (कपाळावरची कड) आणि ग्रिल (तोंडासमोरची जाळी) यांच्या फटीतून हाताने दाबून बघ. आत जात असेल तर ते हेल्मेट पाणी प्यायलाच ठीक आहे. पोरं नीट दिसावं म्हणून स्क्रू ढिले करून ग्रिल खाली करतात, ते पण बघ. नवीन घेताना आत लेबलवर बीएस 7928:2013 हे ब्रिटिश मानक लिहिलेलं हवं, त्यात फटीतून बॉल जातो का याची टेस्ट असते. आणि एकदा जोरात बॉल बसला की ते हेल्मेट बदलायचं, वरून चांगलं दिसलं तरी.

दुसरं म्हणजे मित्रांसमोर त्याला काही बोलू नकोस, ग्राउंडवर तर अजिबात नाही. तिथे आई हेल्मेट घाल म्हणाली की मेलाच तो. हे काम सरांचं. इथे क्लबमध्ये सरळ आहे, हेल्मेट नसेल तर बॉल पडतच नाही, सगळ्यांना तोच नियम, मग कुणी कुणाला हसत नाही. भाऊजींनी आणि अजून दोन-तीन पालकांनी मिळून सरांना भेटावं. एकट्या सोनूसाठी नको, सगळ्या नेटसाठी म्हणा.

अण्णा म्हणणार आमचा सुनील (गावसकर) कुठे हेल्मेट घालायचा. त्यांना सांग, 1983 मध्ये वेस्ट इंडिजच्या मार्शलचा बॉल कपाळाला लागल्यानंतर सुनीलनेच हॅटखाली घालायला स्कल कॅप करून घेतली. यावर अण्णा वाद घालतील, घालू दे, तेवढाच त्यांचा वेळ जाईल.

आणि एक, सोनू बुटका म्हणून त्याला शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या अगदी जवळ, उभा करतात असं म्हणालीस, तिथे पण टोपीच? आपला टेस्ट प्लेयर रमण लांबा ढाक्याला 1998 मध्ये तिथेच उभा होता. हेल्मेट मागवू का विचारलं तर म्हणाला ओव्हरचे तीनच बॉल राहिलेत. त्यातलाच एक डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. ही एकच गोष्ट मी मोठ्याला सांगितली तेव्हा तो काही न बोलता ऐकत होता, बाकी सगळ्यावर त्याच्याकडे उत्तर असतं. तीनच बॉल हे त्याला कळलं, कारण तो पण तसंच म्हणतो, एकच ओव्हर, दोनच बॉल.

मानेचा गार्ड मी इथून पाठवतोय, मित्राची आई 20 तारखेला नाशिकला येतायत, त्यांच्याकडे देतो, सोबत चॉकलेट आहेत, ती आईला एकदम देऊ नकोस, शुगर वाढते. हेल्मेट तिथेच घ्या, दुकानात सोनूला घेऊन जा आणि रंग त्यालाच ठरवू दे. पैसे माझे, भाऊजींशी यावर चर्चा नको. 20 तारखेआधी कुठलं मॉडेल घेतलं ते आणि त्याच्या डोक्याचं माप कळव, भुवयांच्या जरा वरून टेप फिरवायची, सेंटीमीटरमध्ये, म्हणजे गार्ड त्या मॉडेलला बसेल असाच घेतो.

आणि हो, व्हिडिओत त्याने केस काहीतरी नवीन केलेत, बाजूने बारीक आणि वर कोंबड्यासारखे. हेल्मेट न घालण्याचं खरं कारण ते तर नाही ना? मोठ्याला दाखवलं तर तो लगेच म्हणाला, बाबा, हंड्रेड परसेंट तेच आहे.

तुझा,
बंड्या