मिसळीची बाकी

शिंदखेडा,
२० एप्रिल

प्रिय मित्र बापू यास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल तू मला मनातल्या मनात जे म्हणाला असशील ते सर्व मान्य आहे. प्रकृती ठीक, गोळ्या चालू. आजचे कारण असे आहे की घरी सांगितले तर हसतील.

बी.एड.च्या वसतिगृहातला तो वाद आठवतो ना? सौर पॅनेल उष्णतेवर नव्हे, प्रकाशावर चालते, हे तू शांतपणे सांगत होतास आणि मी निव्वळ आवाजाच्या जोरावर तुला गप्प बसवले. वर पैजेची मिसळही तुझ्याच पैशाने खाल्ली.

परवा नववीच्या मुलांना घेऊन भर दुपारी शाळेच्या गच्चीवर गेलो. तेथील जुन्या ३६ सेलच्या पॅनेलला मल्टीमीटर लावला, तो १९.४ व्होल्ट दाखवू लागला. "ऊन तापेल तसा आकडा चढेल," मी नेहमीच्या ऐटीत म्हणालो. तेवढ्यात पॅनेलखाली वाकून लेबल वाचणारी एक मुलगी म्हणाली, "सर, इथे २१.६ लिहिले आहे आणि खाली २५ अंश. मग तापल्यावर कमी होत असेल." तिने माठातल्या पाण्याची कळशी आणवली आणि काचेवर हळूहळू रिकामी केली. आकडा २०.३ वर गेला. अकरा वर्षांत मी ते लेबल एकदाही वाचले नव्हते, बापू.

चूक कोठे झाली तेही आता दिसते. सोलर कुकर, पाणी तापवण्याचा बंब आणि पॅनेल मी एकाच तासाला, 'सूर्याची उष्णता' या एकाच शब्दावर उरकत आलो. कुकरला उष्णता हवी हे खरे. पॅनेलमध्ये मात्र प्रकाशाचा कण सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला मोकळे करतो आणि दोन थरांच्या सांध्यावरचे विद्युतक्षेत्र त्याला एका बाजूस लोटते. सेल तापला की व्होल्टेज उतरते. २५ अंशांच्या वर दर अंशामागे शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. आपल्याकडच्या उन्हात पॅनेल ६० अंशांवर सहज जाते, म्हणजे दहावा हिस्सा तरी गेलाच.

वर्गात चूक कबूल केली, मुलांनी टाळ्या वाजवल्या (तू असतास तर शिट्टी मारली असतीस). झोप उडाली आहे ती निराळ्याच गोष्टीने. माझा एक जुना विद्यार्थी आता पॅनेल बसवण्याची कामे घेतो. त्याने स्वतःच्या गोठ्यावर पॅनेल पत्र्याला अगदी चिकटवून बसवली आहेत, खालून वारा जायला बोटभर जागा नाही. मी विचारले तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, "सर, पत्रा तापतो ना, तुम्हीच शिकवले होते." त्या वेळी मी त्याची पाठ थोपटली होती! त्याने आणखी किती गोठ्यांवर असेच केले असेल, हे विचारायचा धीर होत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याच्या बदलीचे काय झाले, तेही कळव.

येत्या रविवारी त्या विद्यार्थ्याकडे जायचे ठरवले आहे. तू धुळ्याहून सकाळच्या गाडीने आलास, तर त्याच्यासमोर तू बोल, तुझ्या त्या शांत आवाजात. मी शेजारी बसेन. परतताना मिसळ माझ्याकडून, तर्री हवी तेवढी.

तुझा,
नाना