पहिल्या नंबराची घाई

मा. संपादक,

सराफ्यातला मिठाईवाला असो की राजवाड्याजवळचा साडीवाला, संकेतस्थळ करताना पहिला प्रश्न एकच: ‘गूगलवर पहिले येऊ ना?’ मग पानभर ‘इंदूर’ आणि ‘सर्वोत्तम’ पेरले जाते. कीवर्ड मेटा टॅगही (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भक्तिभावाने भरतात. क्रमवारीत तो धरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे.

त्यापेक्षा पत्ता, वेळ, सुट्टीचा वार आणि भाव आधी लिहा. फोन क्रमांक चित्रात नको, मजकुरात हवा. त्याला ‘टेल’ दुवा (फोन लावण्यासाठीची लिंक) दिला की बोट लावताच तो डायल करायला तयार समोर येतो. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवून पानावर नुसता लहान दाखवला, तरी गिऱ्हाइकाच्या फोनवर पूर्णच उतरतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून जेपीईजी करा, बहुधा ३०० केबीत बसतो.

मराठी मंडळांचे दुखणे वेगळे. पत्रिकेसाठी जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला की फोनवर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, तोही बिनशेवेचा! युनिकोडमध्येच टाइप करा आणि पानाची भाषा मराठी नोंदवा. नाहीतर पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ते हिंदी उच्चारांत वाचू शकते. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मात्र स्वतःच्याच नावावर घ्या, बनवणाऱ्याच्या नव्हे.

– एक वाचक, इंदूर