काळं दिसलं की घासू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या आवराआवरीसाठी दिलेल्या सूचना वाचल्या. 'घरातल्या जुन्या धातूच्या शोभेच्या वस्तू चिंच-मीठ लावून घासा, लखलखतील' अशी त्यात एक सूचना आहे. घागरीला, तांब्याला हे खुशाल करा. पण 'शोभेच्या वस्तू' म्हटल्यामुळे घोटाळा होतो. तो मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून हे पत्र.

मी सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. वडील तांबट. काळं पडलेलं भांडं दिसलं की आमच्या घरात कुणाचा तरी उद्धार व्हायचा. १९९४ च्या पावसाळ्यात गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, किल्ल्या आणि बिल्ल्यांच्या ढिगात मला मोठ्या पेढ्याएवढी एक लाकडी वाटी दिसली. तिच्यावर धातूची चकती बसवलेली. चकती काळी, तिच्यात पाणवनस्पतींमध्ये एका पायावर उभा बगळा आणि वर चंद्राची कोर. विकणारा म्हणाला, "देवळालीच्या साहेबाच्या बंगल्यातलं आहे." शेजारच्या गंजक्या कुलपाबद्दलही तो हेच सांगत होता. दोनशे म्हणाला, एकशेवीसला दिलं.

त्याच रात्री मोरीत बसून मी ती चकती चिंच-मिठाने घासली. बगळा चांदीचा निघाला, कोर सोन्याची, याचा कोण आनंद! पण पाठीमागचा काळा भाग तांब्यासारखा लालसर झाला. मला वाटलं, मळ निघाला. बगळा रात्रीचा होता, मी त्याला भरदुपारी उभा केला, हे कळायला पुढे तीन-चार वर्षं गेली.

ही वस्तू म्हणजे नेत्सुके. जपानी किमोनोला आपल्या धोतरासारखाच खिसा नसतो. आपले आजोबा चंची कनवटीला खोचायचे. तिकडे तंबाखूचा बटवा नाहीतर औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याखाली लोंबत ठेवायचे आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला हे अडकवायचे. वाटीवर धातूचं झाकण असलेल्या प्रकाराला 'कागामिबुता' म्हणतात, म्हणजे आरशासारखं झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला कडी असते. दोरी त्या कडीतून ओवून वाटीच्या मागच्या भोकातून बाहेर काढतात. खाली बटव्याचं वजन आलं की झाकण आपोआप घट्ट बसतं. ना स्क्रू, ना बिजागरी. फिटर माणसाला याहून सुंदर काय दाखवणार?

या चकत्या करणारे बरेचसे तलवारीच्या मुठीचं सामान घडवणारे कारागीर. १८७६ मध्ये तिकडे तलवार बाळगायला बंदी आली, तेव्हा त्यांचे हात अशा कामांकडे आणखी वळले. त्यांचा काळा धातू 'शाकुदो': तांब्यात शेकडा तीन-चार भाग सोनं. राखाडी हवा असेल तर 'शिबुइची', म्हणजे एक भाग चांदी आणि तीन भाग तांबं. माझ्या बगळ्याभोवतीची पाती तशी आहेत. घडवल्यावर शाकुदो तांब्यासारखाच दिसतो. मग त्यावर किसलेला मुळा चोळून तो जंगाल (तांब्यावर चढणारा हिरवा गंज) आणि मोरचुदाच्या उकळत्या पाण्यात सोडतात. तिथे शाकुदोवर पिकल्या जांभळासारखा निळसर काळा रंग चढतो, चांदी-सोनं मात्र आपापल्या रंगावर राहतं. हा थर कागदाहूनही पातळ असतो. कारागिराने मुद्दाम चढवलेली ती रात्र मी पाच मिनिटांत धुऊन टाकली.

चार-पाच वर्षांपूर्वी सराफ बाजारात ओळखीच्या दुकानी कॅरेट मोजायच्या मशीनखाली चकती ठेवली. सोनं तीनच्या आसपास, बाकी तांबं. तिथला तरुण हसला, "काका, तांब्यात सोनं कोण वाया घालवतं?" वर म्हणाला, "ऑक्सिडाइज करून देतो, दहा मिनिटांत काळंभोर." मी नको म्हटलं. पायपुशीसारखा सपाट काळा रंग त्या बगळ्यामागे मला बघवला नसता.

आपल्याकडे हीच गत बिदरीची होते. जस्तात थोडं तांबं, वर चांदीचं काम, आणि नवसागर व बिदरच्या किल्ल्यातली माती लावून आणलेला काळा रंग. माझ्या मावशीकडच्या पानदानाचा असाच दरवर्षी घासून घासून पांढरट पत्रा झाला आहे. तेव्हा जुन्या वस्तूत काळ्यावर चांदी दिसली तर मऊ कोरड्या फडक्याने नुसती धूळ टिपावी. चिंच, लिंबू, पावडर, काही नको.

जाता जाता आणखी एक. बगळ्यानंतर मी सात नेत्सुके जमवली, त्यातली चार खोटी निघाली. साच्यातल्या राळेची, कडेला जोड दिसणारी. कुणी 'अस्सल हस्तिदंती' म्हणून गळ्यात मारू लागला तर तिथूनच परत फिरावं. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे, वस्तू शंभर वर्षांची असली तरी.

पुढच्या रविवारी पुरवणीत दुरुस्तीच्या दोन ओळी छापाव्यात, ही विनंती. दिवाळी तोंडावर आहे आणि चिंच घरोघरी भिजत पडली असेल. माझ्या चकतीच्या कडेला, लाकडाच्या खाचेत जिथे माझा अंगठा पोहोचला नाही, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा मूळचा काळा अजून आहे. घरी कुणी आलं की भिंग देऊन मी आधी तोच दाखवतो.

आपला,
एक निवृत्त फिटर, जुने नाशिक