लकव्यानंतर नजरही तपासा

मा. संपादक,

लकव्यातून उठलेल्या माणसाचा हात उचलतो का, पाय टाकतो का, एवढंच आपल्याकडे पाहिलं जातं. नजरेचं कुणी विचारत नाही. माझ्या दाजींचं किराणा दुकान आहे. लकव्यानंतर डावीकडं उभं राहिलेलं गिऱ्हाईक त्यांना दिसेना, दाराच्या चौकटीला डावा खांदा धडकू लागला. चष्मा बदलून झाला, मोतीबिंदूच्या शिबिरातही नेऊन आणलं. डोळे ठणठणीत होते. मार बसला होता मेंदूच्या मागच्या भागाला, उजव्या बाजूला. डावीकडचं जे काही दोन्ही डोळे टिपतात, ते तिथं पोचतं. त्यामुळं कुठलाही डोळा झाका, डावी बाजू गायबच!

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण सूज उतरते, कडेच्या दबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, शिवाय डोळ्यांकडून मेंदूत जाणाऱ्या काही आडवाटाही शाबूत असतात. पहिल्या महायुद्धात डोक्याला जखम झालेले सैनिक तपासून जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१७ मध्ये नोंदवलं होतं की, नजर गेलेल्या बाजूला ठेवलेली वस्तू दिसत नाही, पण हललेली काहींना कळते. दाजींना डावीकडचा तराजू दिसायचा नाही, कुत्रं गेलं की मात्र म्हणायचे, ‘काहीतरी हललं बघा.’ घरच्यांना ते सोंग वाटायचं.

आपोआप व्हायची ती सुधारणा बहुतेक पहिल्या तीनेक महिन्यांत होते. पुढं सरावच. फिजिओथेरपीच्या एका ताईंनी पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवायला सांगितली. पट्टी दिसेपर्यंत नजर मागं न्यायची, मगच ओळ वाचायची. त्याआधी दाजी ‘परभणी’चं ‘भणी’ वाचत. आता सावकाश का होईना, अख्खा पेपर वाचतात. डावी बाजू परत आलेली नाही. मोटारसायकल बंद आहे आणि ती बंदच राहावी.

डॉक्टरांनी समोर बसून रुग्णाच्या नजरेच्या चारी कोपऱ्यांत बोटं हलवून विचारलं, तरी दोन मिनिटांत अंदाज येतो, यंत्र लागत नाही. लकव्याच्या किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला घरी सोडताना एवढं तपासून कागदावर लिहावं. आणि असा सराव शिकवणारं माणूस निदान अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तरी हक्कानं भेटावं.

— एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)