कुटुंब नियोजनाचा भार एकट्या बाईवर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २१ नोव्हेंबरपासून पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर फलक लागतो, आशाताई चार घरी सांगून येतात आणि पंधरवडा सरला की टेबलावर पुन्हा बायकाच असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आढळली. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर नोकरी केलेल्या मला या आकड्यांचे नवल वाटले नाही, दुःख मात्र झाले.

दोन सिझेरियन झालेली, रक्त कमी असलेली एक बाई मला आठवते. तिचा नवरा स्वतःच्या शस्त्रक्रियेला राजी होता. सासू आडवी आली. "त्याला ओझी उचलायची असतात, तो अधू झाला तर खायचं काय?" शेवटी त्या बाईचेच ऑपरेशन झाले आणि आठव्या दिवशी मी गृहभेटीला गेले तेव्हा ती डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत होती. वास्तविक पुरुषाच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत पोटाला हात लागत नाही, जागेपुरती भूल पुरते, माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो आणि त्याची ताकदही कमी होत नाही. परंतु त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते, हे त्याला नीट सांगितले गेले नाही आणि मधल्या काळात दिवस राहिले, तर संशय बायकोवर येतो. म्हणून समुपदेशन हा या कामाचा केवळ औपचारिक भाग मानता येणार नाही.

पुरुषांच्या मनातील धास्ती आणीबाणीतल्या सक्तीपासूनची आहे, हे मान्य. पण त्यावर उपाय म्हणून सारे ओझे बायकांकडे वळवले गेले आणि २०१४ साली छत्तीसगडमधील बिलासपूरच्या शिबिरात एकामागून एक शस्त्रक्रिया झालेल्या तेरा जणींनी प्राण गमावले. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि ज्याने १९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण आणले, त्याने तरी हे असेच चालू देऊ नये.

माझी शासनाकडे मागणी एवढीच आहे की, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया करू शकणारा एक प्रशिक्षित डॉक्टर वर्षभर उपलब्ध असावा, नवऱ्यांशी बोलण्याचे काम आशाताईंवर न टाकता पुरुष आरोग्यसेवकांकडे सोपवावे, आणि गरोदरपणाच्या तपासणीला नवऱ्यालाही बोलावून त्याच्याशी हा विषय बाळंतपणाआधीच बोलला जावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा