पालथं झोपवायला हात लागतात

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की वॉर्डात व्हायरल न्यूमोनियाचे पेशंट वाढतात, स्वाइन फ्लू असो नाहीतर कोरोना, आणि दरवेळी एक बघून जीव तुटतो की कोरोनात आपण पालथं झोपवायला शिकलो ते आता मागे पडत चाललंय. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला अजून करतात, पण वॉर्डात जिथे पेशंट शुद्धीत आहे, फक्त ऑक्सिजनवर आहे, तिथे डॉक्टर राउंडला 'प्रोनिंग', म्हणजे पालथं झोपवा, असं लिहून जातात आणि ते केसपेपरवरच राहतं. मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत सिस्टर आहे म्हणून लिहितेय.

आधी ह्यानं होतं काय ते सांगते, कारण नातेवाईकांना वाटतं श्वास लागलेल्या माणसाला पालथं घातलं की अजून गुदमरेल. उताणं झोपलं की हृदयाचं वजन आणि पोटाचा दाब फुफ्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतो, आणि फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडेच असतो. न्यूमोनियात फुफ्फुस सुजून जड झालेलं असतं, त्यामुळे तिथल्या हवेच्या पिशव्या मिटतात, रक्त मात्र वाहतच राहतं आणि ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. पालथं केलं की त्या पिशव्या उघडायला लागतात. बऱ्याच जणांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, थोड्या वेळात चढतं, काहींचं नाही चढत, आणि उताणं केल्यावर पुन्हा उतरूही शकतं.

हे १९७० च्या दशकापासून माहितीय, पण मृत्यू कमी होतात हे पक्कं दिसायला २०१३ उजाडलं. फ्रान्स आणि स्पेनमधल्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या ४६६ गंभीर पेशंटचा अभ्यास झाला, एका गटाला दर वेळी निदान १६ तास सलग पालथं ठेवलं, आणि २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांऐवजी १६ टक्के झाले. त्याआधी २००१ मध्ये इटलीतल्या अभ्यासात दिवसाला साधारण सातच तास ठेवलं होतं, तिथे ऑक्सिजन सुधारला पण जीव काही जास्त वाचले नाहीत. दोन्हीत पेशंटही थोडे वेगळे होते, तरी तासांचा फरक मला फार मोठा वाटतो.

शुद्धीतल्या पेशंटचं एवढं सरळ नाही हेही सांगायला पाहिजे. २०२१ मध्ये सहा देशांतल्या हाय फ्लो ऑक्सिजनवरच्या (नाकातल्या नळीनं जोरात दिलेला ऑक्सिजन) अकराशेवर कोरोना पेशंटचा अभ्यास झाला, त्यात व्हेंटिलेटर लागणं किंवा मृत्यू हे नेहमीच्या उपचारात ४६ टक्के, तर पालथं झोपवलेल्यांत ४० टक्के होतं, पण नुसत्या मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत तर फायदा स्पष्ट आलाच नाही, आणि कमी ऑक्सिजनवरच्या वॉर्डातल्या पेशंटमध्ये बरेच जण फार वेळ पालथे राहिलेच नव्हते. म्हणून हा रामबाण उपाय आहे असं मी म्हणत नाही. पण जे दोन तासही धड झालं नाही त्याला निकामी कसं म्हणायचं?

आणि ते होत नाही ह्यात पेशंटचा दोष नाही हो. जाडजूड माणूस, गुडघे दुखतायत, मान आखडलीय, नाकाला नळी, हाताला सलाइन, आणि आम्ही लांबून ओरडतोय "काका, पालथे व्हा". तो पाच मिनिटांत उताणा होणारच. तेच एकीनं जवळ बसून छातीखाली उशी सरकवली, पोट मोकळं ठेवलं, नडगीखाली दोन उशा दिल्या, नळी ताणली जात नाही ना बघितलं, बेल आणि मोबाईल हाताशी ठेवला, तर तोच माणूस तासभर आरामात राहतो, कधी कधी झोपूनही जातो. पण आमच्याकडे बेडला उशी एकच, आणि रात्री अख्ख्या वॉर्डाला सिस्टर दोन.

आयसीयूत तर एका पेशंटला वळवायला चार-पाच जण लागतात, डोक्याशी उभा असतो तो फक्त श्वासाची नळी धरतो आणि त्याच्या इशाऱ्यावर बाकीचे वळवतात. नंतर डोळे जपायचे, दर दोन तासांनी मान नि हात बदलायचे, नाहीतर गालाला, हनुवटीला जखमा होतात. हे काम बिनखर्चाचं आहे असं म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, मशीनचा खर्च नाही एवढंच.

घरी करणाऱ्यांना एक कळकळीनं सांगते. २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं घरच्या प्रोनिंगची माहिती काढली होती, त्यात सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं तर करा, जेवल्यावर तासभर करू नका, गरोदर बायका, गंभीर हृदयरोग, मणका-मांडी-कमरेचं फ्रॅक्चर असलेल्यांनी करू नका असं सांगितलं होतं. पण सॅच्युरेशन उतरलंय म्हणजे डॉक्टरकडे न्यायचंच, पालथं झोपवून वाट बघत बसायचं नाही.

तुमच्या पेपरातून आरोग्य खात्यापर्यंत एवढं पोचवा. न्यूमोनियाच्या पेशंटला बेडमागे जादा तीन-चार उशा, प्रत्येक पाळीत प्रोनिंगसाठी नेमलेला एक माणूस, मग तो फिजिओथेरपिस्ट असो की शिकवून तयार केलेल्या मावशी, आणि बीपी-तापासारखे चार्टवर पालथं राहिल्याचे तास. तो रकाना असला की राउंडला विचारणा होईल, आणि विचारणा झाली की स्टाफ मागायला आम्हालाही आधार मिळेल.

आपली,
एक स्टाफ नर्स, सोलापूर