इंग्रजी शिकवायला जाताय? आधी जपानी शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानमधल्या शिक्षकांच्या नोकऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती उपयोगाची आहे, पण चौकटीतलं एक वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवेना : 'जपानी भाषा येणे आवश्यक नाही.' जाहिरातीपुरतं ते खरंच आहे. मीसुद्धा त्याच वाक्याच्या भरवशावर इथे आले. निगाता प्रांतातल्या नागाओका शहरात तीन प्राथमिक शाळांमध्ये सहायक भाषाशिक्षिका, म्हणजे इथे सगळे म्हणतात ती 'एएलटी', म्हणून काम करते. हे माझं चौथं वर्ष. पहिलं वर्ष मी इतक्या एकटेपणात काढलं की आजही ते आठवायला नको वाटतं, आणि त्याचं मूळ त्या एका वाक्यात होतं.

एप्रिलमध्ये घराची किल्ली मिळाली तेव्हा छताला दिवा नव्हता आणि ओट्यावर शेगडी नव्हती. भाडेकरूने त्या स्वतः आणायच्या, अशीच इथे बहुतेक घरांत रीत. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो, त्या वेळी आपण घरी असावं लागतं, आणि ती वेळ फोनवर ठरवायची असते. समोरासमोर खाणाखुणांनी भागतं, फोनवर काय करणार? पाच दिवस थंड पाण्याने अंघोळ केली. लांबच्या डोंगरांवर तेव्हा अजून बर्फ होता. राहायला आल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तिथल्या बाईंनी अर्जातल्या एकेका रकान्यावर पेन्सिलने खूण करून दिली म्हणून ते काम निभावलं.

पैशांचं थोडक्यात सांगते. एप्रिलच्या कामाचा पगार मेच्या अखेरीस हातात आला, तोवर गाठीच्या पैशांवर राहावं लागलं. मला नेमणाऱ्या कंपनीचा करार इंग्रजीत होता, पण त्याला जोडलेलं पुरवणीपत्र जपानीत. शाळेला सुटी म्हणून ऑगस्टचा पगार कापला जाईल, हे त्या पुरवणीपत्रात होतं. मी न वाचता सही केली होती. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये नगरपालिकेकडून रहिवासी कराची पावतीपुस्तिका आली. हा कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून नव्याने आलेल्याला पहिल्या वर्षी त्याचा पत्ताच नसतो. येणाऱ्यांनी त्याची तजवीज आधीपासून करावी.

कचऱ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण शेजाऱ्यांशी पहिली ओळख त्यातूनच होते. नागाओकात ओला कचरा वेगळा द्यावा लागतो. २०१३ पासून इथे त्याचा बायोगॅस करून वीज तयार करतात. प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं आणि वेष्टनं काढून त्या वेगळ्या ठेवायच्या. कुठल्या वारी काय, ते नगरपालिकेच्या तक्त्यावर छापलेलं असतं. माझी पिशवी दोनदा मागे राहिली, तिच्यावर सूचनेची पट्टी चिकटवलेली. तिसऱ्यांदा शेजारच्या आजी तो तक्ता हातात घेऊन दारात आल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. मी फक्त 'सुमिमासेन, सुमिमासेन' (माफ करा, माफ करा) म्हणत वाकत राहिले. त्या रागावल्या आहेत असं मी धरून चालले आणि पुढे कित्येक महिने त्यांची चाहूल लागली की दार उघडायचं टाळत राहिले.

इथे गल्लीत 'काइरानबान' फिरतो. एका फळीला लावलेली परिपत्रकं, वाचून सही करायची आणि पुढच्या दारात नेऊन ठेवायची. मी सही करायची आणि पुढे सरकवायची. तिसऱ्या वर्षी मला ते वाचता येऊ लागलं तेव्हा कळलं, की वसंतात एका रविवारी सकाळी प्रत्येक घरातून एक जण गटारं साफ करायला जमतो. दोन वर्षं माझ्या घरातून कोणीच गेलं नव्हतं, आणि माझी सही मात्र कागदावर होती. त्या वर्षी फावडं घेऊन गेले. त्याच आजी शेजारी उभ्या होत्या. त्या दिवशी दारात येऊन काय सांगत होत्या, ते मी विचारलं. म्हणाल्या, 'तुला वाचता येत नसेल तर ओल्या कचऱ्याच्या दिवशी सकाळी मी तुझ्या दारावर टकटक करीन, असं सांगत होते.' त्या कुदळ मारत राहिल्या. मला मान वर करवेना.

आता शाळेविषयी. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला सत्तर तासिका, तिसरी-चौथीला पस्तीस. मुख्य शिकवणारे वर्गशिक्षक, मी त्यांच्या जोडीला. पण प्राथमिकचे वर्गशिक्षक गणितापासून संगीतापर्यंत बहुतेक सगळंच शिकवतात. त्यातल्या अनेकांना इंग्रजीत बोलायचा संकोच वाटतो आणि पाठ ठरवायला हाती असतात दोन तासिकांमधली पाच मिनिटं. ती पाच मिनिटं जपानीत गेली नाहीत तर सहायक शिक्षिका फळ्याजवळ उभी राहून सांगितलेले शब्द उच्चारून दाखवते, बस्स. वर्षभर मी तेच केलं. दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गात, मग साफसफाई तीही मुलांबरोबर, सगळं जपानीत. संध्याकाळी निघताना शिक्षकदालनात 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे 'तुमच्याआधी निघते, माफ करा', असं म्हणायचं असतं. मला ते माहीत नव्हतं. कोणाला अडचण नको म्हणून मी महिनोन्‌महिने गुपचूप निघून जायची.

भूकंपाच्या सरावाचाही एक प्रसंग सांगते. हा २३ ऑक्टोबर २००४ चा भूकंप, ६.८ मॅग्निट्यूडचा, सोसलेला भाग आहे, त्यामुळे सराव मनापासून होतो. ध्वनिवर्धकावर सूचना आली, मुलं बाकांखाली गेली, मग रांगेने बाहेर पडली. मी सर्वांत मागे होते आणि जवळचा जिना धरला. त्याच जिन्यापाशी आग लागली आहे असं समजा, हे सूचनेत सांगितलेलं होतं. दुसरीतल्या एका मुलाने मागे वळून माझी बाही ओढली. तो सराव होता म्हणून ठीक. त्याच आठवड्यात मी जपानीची वही आणली.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! त्यांची वर्णमाला 'अ इ उ ए ओ' अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला आहे. 'वाताशि वा गाक्को नि इकिमास' : मी शाळेला जाते. शब्दामागे शब्द तसाच, क्रियापद शेवटी, 'ला'च्या जागी 'नि'. हिरागाना या मूळ लिपीची शेहेचाळीस अक्षरं मला दोन आठवड्यांत आली, परभाषेतल्या शब्दांसाठीच्या काताकाना लिपीला थोडा जास्त वेळ लागला. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, मात्र वर्षानुवर्षांचं काम आहे, त्यात मी अजून चाचपडते.

नागाओकात हिवाळ्यात रस्त्यांच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून भूजलाचे फवारे उडत असतात, बर्फ साचू नये म्हणून. ही सोय सुरू झाली तीच या शहरात, १९६१ साली. इथले रस्ते तांबूस दिसतात. का, ते मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात, साफसफाईच्या वेळी, सहावीतल्या एका मुलीला जपानीत विचारलं. माझं अव्यय चुकलं, 'वा'च्या जागी 'गा'. तिने सहज दुरुस्त केलं आणि मग ओल्या फळ्यावर बोटाने चित्र काढून समजावलं : जमिनीतल्या पाण्यात लोह आहे, ते रस्त्यावर येऊन गंजतं. मी तिचं वाक्य तिच्यामागून म्हटलं, पुन्हा चुकले, पुन्हा म्हटलं.

ही मुलगी तोवर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नसे. पुढच्या आठवड्यात ती माझ्याजवळ येऊन 'मिरुकु' म्हणाली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि 'मिल्क' म्हणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. त्या वर्गात हळूहळू बरीच मुलं चुकायला धजावू लागली. मोठं माणूस आपल्यासमोर भाषा शिकतंय, अडखळतंय आणि त्याचं काही बिघडत नाही, हे त्यांनी रोज पाहिलं. अस्खलित उच्चार मी पहिल्या वर्षीही ऐकवतच होते. त्याने हे झालं नव्हतं.

म्हणून आपल्याला विनंती. ती चौकट पुन्हा छापाल तेव्हा 'आवश्यक नाही' याच्या खाली आणखी एक ओळ द्यावी : निघण्यापूर्वी सहा महिने हिरागाना, काताकाना, आकडे आणि आपला पत्ता फोनवर सांगता येण्याइतकं जपानी शिकावं, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सर्वांत सोपी पातळी झाली तर उत्तमच. करारासोबतचं प्रत्येक जपानी पान कोणाकडून तरी वाचून घ्यावं. आणि सरकारी शाळांसाठी लागणाऱ्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसाला बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असावं लागतं, हेही चौकटीत नव्हतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकांना ते अर्ज करण्याआधी कळायला हवं.

आपली,
एक वाचक, नागाओका, जपान
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)